चार भोकांचा चट्टा

चि. धाकटीस दादाचे भरभरून आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत, आमच्या मेहुण्यांचा खोकला काय म्हणतो, ते सविस्तर कळव. इकडे सगळे ठणठणीत आहेत, फक्त मी आज सकाळी अर्ध्या तासात दहा वर्षांनी म्हातारा झालो.

त्याचं असं झालं. नात नऊ महिन्यांची झाली आणि कार्डावर गोवराच्या लशीची तारीख आली. मी लशींवर नाक मुरडणारा, हे सूनबाईला ठाऊक, म्हणून तिने मुद्दाम मलाच धाडलं. (“बाबा, तुम्हीच न्या. एकदा डोळ्यांनी बघा तरी.”) चाळीस वर्षं शिंपीकाम करून सुईवरच पोट भरलं, पण दवाखान्यातली सुई म्हटली की मी चार हात लांब पळतो. नर्सबाईंनी विचारलं, मूल बरं आहे ना? मी मोठ्या आशेनं सांगितलं, काल दोनदा शिंकली. त्या म्हणाल्या, साध्या सर्दीनं लस चुकवायची नसते. मग बाटलीवरची तारीख दाखवली, नव्या सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, आणि मी “थांबा” म्हणेपर्यंत काम उरकलंसुद्धा. पोरगी रडली, पण माझ्यापेक्षा कमीच.

खरी परीक्षा पुढे होती. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं असतं, क्वचित कुणाला त्रास झालाच तर इलाज हाताशी असावा म्हणून. नर्सबाईंनी हे धीर द्यायला सांगितलं. मी त्यातला ‘त्रास’ तेवढा उचलला. पोरगी गप्प झाली, मी घाबरलो. हसली, तर जास्तच घाबरलो (कारण नसताना हसावं कशाला?). उचकीला नर्सबाईंना बोलावलं, जांभईला पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच पाणी पाजलं. मग ती माझ्या छातीवर झोपली. मी तिचे श्वास मोजत बसलो. आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. खोटं कशाला सांगू, एवढा मी जन्मात कधी भ्यालो नव्हतो. पंचविसाव्या मिनिटाला तिचं डोकं जरा उचललं, तर गालावर लालभडक गोल चट्टा आणि मधोमध चार ठिपके! मी असा ओरडलो की डॉक्टर हातातलं टाकून धावत आले. त्यांनी गाल पाहिला, मग माझा कोट पाहिला, आणि बोट ठेवलं. चार भोकांचं बटण, मीच घट्ट शिवलेलं. उभा जन्म बटणं लावण्यात गेला आणि स्वतःचं बटण ओळखता येऊ नये!

हसू नकोस, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. रांगेतली एक आई माझी आरोळी ऐकूनच लेकराला उचलून चालू लागली होती. बटण तिने पाहिलंच नव्हतं. मी नातीला कडेवर घेऊन फाटकापर्यंत तिच्यामागे धावलो. “अहो ताई, बटण होतं! नुसतं बटण!” तिला मी वेडाच वाटलो असणार. पण गाल आणि कोट दोन्ही निरखून ती माघारी वळली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. नात आता मजेत रांगते आहे. ताप आला तर काय करायचं, कधी दाखवायला आणायचं, तेही नर्सबाईंनी नीट समजावून दिलं आहे.

तुझा,
दादा

ता. क. मागच्या वर्षी मी तुला चार पानी पत्र लिहिलं होतं, लशीनं पोरं दगावतात म्हणून. सगळं ऐकीव, झालर मी लावलेली. तू ते घरभर वाचून दाखवलंस आणि तुझ्या नातवाची गोवराची लस राहिली ती राहिलीच. एका आरोळीनं एक बाई उठून जाते, तर माझ्या चार पानांनी काय केलं असेल, हे मला त्या फाटकापाशी कळलं.

आणखी एक. नर्सबाईंना विचारून घेतलं आहे: राहिलेली लस अजूनही देता येते, आधीच्या पुन्हा घ्याव्या लागत नाहीत. पत्र मिळताच कार्ड घेऊन जा, गोवर काही आपली वाट बघत थांबत नाही. तुझी सून तेव्हा या लशीसाठी रडली होती आणि तू तिला म्हणालीस, दादा कधी चुकत नाही. आता तोच दादा चुकला म्हणून तू सांगितलंस, तर तिला खरं वाटायचं नाही. म्हणून हा कागद तिच्याच हातात दे.