बिरोबाच्या वर्गणीचं खातं

५ मार्च
परराज्यातल्या सायबर पोलिसांचा मेल! बिरदेवच्या खात्यात आलेले अकरा हजार फसवणुकीचे आहेत, तेवढे रोखून ठेवा. तेवढेच.

बिरदेव हा आमच्या सहकारी बँकेच्या दहिवडी शाखेतला नेटका खातेदार. परदेशी कंपनीसाठी गेमची चित्रं काढतो, मोबदला क्रिप्टोत मिळतो. ते ऑनलाइन कुणाला तरी विकतो, रुपये खात्यात येतात. या वेळचा घेणारा चोर निघाला. पोराला काय माहीत!

सांगलीला मुख्य कार्यालयात कळवलं. शाखाधिकारी म्हणून कळवावंच लागतं.

६ मार्च
चेअरमन हंबीरराव स्वतः फोनवर. ‘क्रिप्टो? अख्खं खातं बंद करा!’ मी म्हटलं, साहेब, पोलिसांनी फक्त अकरा हजार... ‘मॅडम, सट्टा आहे हा. उद्या रिझर्व्ह बँक मानगुटीवर बसली तर तुम्ही येणार का?’

सरकार त्यावर तीस टक्के कर घेतं, ते चालतं. विटाळ फक्त आम्हाला! हे अर्थात मनात. तोंडाने ‘हो साहेब’. केलं बंद.

७ मार्च
बिरदेवचे वडील अर्जुना आले. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून. तेव्हा कळलं – बिरोबाच्या देवळात चिकटवलेला क्यूआर कोड बिरदेवच्या खात्याचा आहे! पूर्वी यात्रेची वर्गणी यांच्या घरातल्या पेटीत असायची. पेटी गेली, मोबाईल आला, म्हणून ती पोराच्या खात्यात. देवाचं वेगळं खातं काढावं हे गावात कुणालाच सुचलं नाही. यांच्याकडे आहे ना, मग झालं!

‘आवं म्याडम, त्यो पैका देवाचा हाय. यात्रा तोंडावर आलीया. पोरगं जुगारी न्हाई वो माजं.’

चहा मागवला. त्यांनी हात लावला नाही.

१२ मार्च
सांगलीला लेखी विनंती केली. वर्गणी तरी सोडा म्हणून. उत्तर नाही.

१७ मार्च
आज सुलाबाई, बिरदेवची आई. एकट्याच. बसा म्हटलं तरी उभ्याच. ‘दरसाली गाव आमच्या दारात भंडारा घ्याला येतंय. औंदा कोन फिरकंना. पोरानं देवाचा पैका उडीवला म्हंत्यात. बिरदेव जेवत न्हाई, म्याडम. खोलीभाईर येत न्हाई.’

‘कार्यवाही चालू आहे,’ मी म्हणाले. किती सहज येतं हे तोंडात! शी!

२२ मार्च
शनिवार, सुट्टी. शाखेतल्या जोतीरामचा फोन आला. अर्जुनांनी आज आटपाडीच्या बाजारात अख्खा कळप विकला. संध्याकाळी देवळासमोर गावाची वर्गणी भरून दिली आणि घरी गेले. बाजारातून येताना बरोबर फक्त कुत्रं होतं म्हणे.

रडले. काय उपयोग! एका फोनला घाबरले मी.

२४ मार्च
हंबीररावांचा फोन. आवाजात साखर! ‘मॅडम, तो तुमचा क्रिप्टोवाला पोरगा... नंबर आहे का? आमच्या साईराजकडेही थोडं क्रिप्टो पडून आहे. आजवर विकत आला, पण हल्ली कोण कसा निघेल, सांगता येत नाही. तो पोरगा एखादं खात्रीचं गिऱ्हाईक बघून देईल.’

बघते म्हणाले.

आणि खरंच बघितलं. साईराजच्या पवनचक्कीच्या जागेचं भाडं आमच्याच शाखेत जमा होतं. त्याच खात्यात वर्षभर अनोळखी नावांवरून पैसे येतायत. हुबेहूब बिरदेवसारखे. फक्त या रकमा खूप मोठ्या आहेत, आणि मुलगा चेअरमनचा आहे.

२५ मार्च
सांगलीला न विचारता, फक्त ते अकरा हजार रोखून ठेवून बिरदेवचं खातं उघडलं. मेंढरं काही त्याने परत येत नाहीत.

मग साईराजचं अख्खं खातं बंद केलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं – चेअरमन साहेबांचा ६ मार्चचा तोंडी आदेश.