हिरव्या खुणेबद्दल

विनिपेग
१४ फेब्रुवारी

प्रिय ओरेस्ट,

तुमची तब्येत बरी असेल. गालिनाबाईंचा गुडघा आता कसा आहे? इथे उणे तीसच्या खाली पारा आहे. ऑफिसात तुमच्या जागेवर अजून कुणी बसलेलं नाही.

दोन आठवडे हे पत्र लिहायला घेते आणि हवापाण्यापाशीच अडते. आज लिहून टाकते.

हजारो लोक एकदम आले तर आपलं सॉफ्टवेअर तग धरतं का, हे तपासायचं साधन तुम्ही बारा वर्षांपूर्वी बनवलंत. त्याची आकड्यांनी गच्च भरलेली स्क्रीन नव्या पोरांना कळेना, म्हणून ती सोपी करायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस मी तुमच्या शेजारी बसून तुम्ही काय बघता ते टिपलं. तुम्ही म्हणालात, "सरासरीला भुलू नकोस, पोरी. सगळ्यात मागे कोण ताटकळतंय ते आधी बघ."

मी वहीत लिहूनही घेतलं. आणि नव्या स्क्रीनवरून नेमका त्या ताटकळणाऱ्यांचाच रकाना काढला. गर्दी वाटत होती. त्याऐवजी 'सगळं ठीक' सांगणारी एक मोठी हिरवी खूण ठेवली. सगळ्यांनी वाहवा केली.

वीज गेल्याची तक्रार नोंदवायच्या सॉफ्टवेअरची चाचणी झाली, त्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलाशी आला होतात.

"मागे राहिलेल्यांचा रकाना कुठे गेला गं?"

"हिरवं आलं ना? मग तेही त्यात तपासलेलं असतं."

मला ठाऊक नव्हतं, ओरेस्ट. मी कुणाला विचारलंच नव्हतं. जेवायला जायची घाई होती, म्हणून ठोकून दिलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून चाचणीच्या अहवालावर सही केलीत.

हिरवी खूण फक्त सरासरी बघत होती. जानेवारीतल्या बर्फाच्या वादळात शंभरातल्या चार तक्रारी पोचल्याच नाहीत. त्यातलीच एक सेलकर्कच्या त्या आजीबाईंची; त्या दीड दिवस गारठलेल्या घरात पडून होत्या. त्या वाचल्या, पण पायाची बोटं गेली.

चौकशीत तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "सही माझी आहे." माझ्याकडे पाहिलंही नाहीत. मी समोर बसून पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. आठवड्याभरात तुम्हाला घरी बसवलं.

काल मी डग्लससाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मिटलंय ते. आता कशाला उकरतेस?" मग मी लेखी दिलं. त्याची प्रत सोबत आहे. साधनाचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. पुढचं सोमवारी कळेल.

तुम्हाला परत बोलावतील असं वाटत नाही, खोटी आशा लावत नाही. पण तुमच्या नावावरचा ठपका माझा आहे, हे आता कागदावर आहे. तुमच्या मुलांना, शेजाऱ्यांना, चर्चमधल्या मंडळींना, हवं त्याला दाखवा.

माफी मागायला तोंड नाही. उत्तराची वाट बघायचाही हक्क मला नाही.

तुम्ही जिचं नाव घेतलं नाहीत, ती
क्रिस्टन हालडोर्सन