पडदा नसलेलं मशीन

प्रिय अक्का,

तू गेल्यापासून मी तुझ्याबद्दल बरंच लिहिलंय. पण ते सगळं इंग्रजीत, आणि तुला कधीही न पाहिलेल्या माणसांना. मराठीत एक ओळ लिहिली नाही. परवा तुझ्या त्या बूटलोडरची नवी आवृत्ती निघाली. ही बातमी तुला आपल्या भाषेत कुणीतरी सांगायला पाहिजे असं वाटलं. कुणीतरी म्हणजे मीच. दुसरं कोण सांगणार?

आधीच सांगून ठेवतो, मला रडू येत नाही. माय म्हणते, "लेकरा, एकदा रडून घे, मोकळा व्हशील." मी हो म्हणतो आणि चहा पितो. डबा घेऊन गावाबाहेर कोळारच्या औद्योगिक वसाहतीत जातो, गोदामात बियाणांच्या पोत्यांची नोंद करतो, संध्याकाळी परत येतो. हातपाय नीट चालतात. फक्त भाजीत मीठ कमी आहे का जास्त, हे मायनं विचारलं की सांगता येत नाही.

माय ठाणाकुशनूरहून आली ती अजून बिदरलाच आहे. तुझी खोली रोज झाडते, टेबलाला मात्र हात लावत नाही. अप्पा मधेमधे येतात. तुझ्या खुर्चीवर बसत नाहीत. दारातच बसतात आणि जेवून परत जातात.

तू नेमकं काय करायचीस हे अप्पांना कळावं म्हणून तू किती समजावलं होतंस. आठवतं का? तुरीच्या राशी झाल्यावर ते इथं आले होते. म्हणाले, "रेणुका, नोकरीचं काम झाल्यावर बी त्या डबड्यापुढं काय करत बसतीस गं?"

"मशीन उठवायचं काम करायले, अप्पा. बटण दाबलं की सगळ्यात आदी एक बारका प्रोग्राम जागा व्हतो. त्यो मोठ्या प्रोग्रामला उठवतो अन् बाजूला व्हतो. त्या बारक्याला बूटलोडर म्हणतेत."

"अन् त्यो बारकाच उठला न्हाई तर?"

"तर काळा पडदा. बसा बघत."

"मग कंपनीवाले बघतील की. तू कामून?"

"त्यो कुण्या कंपनीचा न्हाई. जगातली माणसं मिळून लिहितेत. ज्याला जिथं अडलं, त्यानं तिथं दुरुस्त करायचं."

अप्पा म्हणाले, "म्हंजे पांदण दुरुस्त केल्यावानी." तू हसलीस. नंतर मला म्हणालीस, इतकं सोपं मला आजवर कुणाला सांगता आलं नव्हतं.

तुला अडलं ते माझ्यामुळं. आमच्या मालकांनी गोदामासाठी जुनी, डब्यासारखी बारकी मशिनं आणली. तू त्यांच्यावर फुकटची सिस्टीम टाकून दिलीस. पण त्यातली बरीच उठेचनात. तू त्यातलं एक घरी आणलंस, टोपण काढून टेबलावर मांडलंस आणि कितीतरी आठवडे त्याच्या मागं लागलीस. तू तुझ्या लॅपटॉपवर, मी गोदामातल्या मशीनपुढं फोन कानाला लावून. "बाल्या, पेनड्राईव्ह लाव. आता काय दिसायलंय?" "काही न्हाई." "आता?" "एक बारकी रेघ." "कुठं? वर का खाली?" मला त्यातलं लिहिणं कधी जमलं नाही. दिसेल ते सांगणं एवढंच माझं काम होतं, आणि ते मला आवडायचं.

शेवटी तुला सापडलं. ती मशिनं खोटं बोलत होती. आपल्याला झेपत नाही असा मोठा पडदा आपण दाखवू शकतो, असं ती सांगायची. बूटलोडर विश्वास ठेवायचा आणि अडकायचा. तू काय केलंस, तर मशिनानं सांगितल्यावर एकदा तपासून बघायचं, आणि खोटं निघालं तर साध्या अक्षरांच्या पडद्यावर परत यायचं. तुझा तो बदल तिकडच्या लोकांनी घेतला. त्या दिवशी तू बासुंदी आणलीस. आमच्या गोदामातली सगळी मशिनं एकामागं एक उठली, तेव्हा सुपरवायझर सलीमभाई मला म्हणाले, "तुम्हारी अक्का को बोलो, हमारे बच्चों को भी सिखाने का."

मग ताप आला. तू म्हणालीस, साधा आहे, उतरेल. मी म्हणालो, रक्त तपासू. तू म्हणालीस, उद्या. अक्का, दुसऱ्याच्या मशिनाचं इतकं तपासून बघणारी तू, स्वतःच्या बाबतीत उद्या कामून म्हणालीस? मी चिडलेलो नाही. खरंच विचारतोय.

डेंगी निघाला. पेशी भराभर उतरल्या आणि हैदराबादला न्यायला सांगितलं. लोक विचारतात, शेवटचं काय बोलली? झहीराबाद मागं पडल्यावर तू म्हणालीस, "खिडकी लाव." मी लावली. त्यानंतर तू काही बोलली नाहीस. लोकांना हे सांगितलं की ते पुढचं काहीतरी ऐकायची वाट बघतात. पुढचं काही नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. तुझा फोन मी चार्जिंगला लावून ठेवायचो. का ते विचारू नकोस, बंद करावा असं वाटलं नाही एवढंच. त्यावर मार्टिनचे मेल यायला लागले. तोच मार्टिन, तिकडं लांब बसून तुझं लिहिलेलं तपासणारा, ज्याच्यावर तू रागवायचीस आणि ज्याच्या उत्तराची वाटही बघायचीस. पहिल्या मेलमध्ये लिहिलं होतं की तुझ्या बदलानंतर काही लोकांची मशिनं उठायची बंद झालीत, बघतेस का? दुसऱ्यात, बरी आहेस ना? तिसऱ्यात, नवी आवृत्ती जवळ आलीय, उत्तर आलं नाही तर तुझा बदल काढून टाकावा लागेल.

काढून टाकावा लागेल, हे मी गोदामात पोत्यांवर बसून वाचलं. मला काही वाटलं नाही. मग समोरच्या मशिनांकडं बघितलं. तुझा बदल निघाला तर ही परत काळी पडणार, आणि कुठं कुठं असली अजून किती असतील कुणास ठाऊक. तेव्हा मी मार्टिनला लिहिलं, मी रेणुकाचा भाऊ, शी एक्सपायर्ड. आपल्याकडं असंच लिहितात ना?

त्याचं लगेच उत्तर आलं. तिचा पत्ता एक्सपायर झाला असेल तर नवा पत्ता कळवा.

इंग्रजी त्याचंही माझ्यासारखंच, शिकलेलं. मी बराच वेळ ते वाक्य बघत बसलो. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मग मी साधं लिहिलं. माझी बहीण मेली. तोवर मी कुणाला तो शब्द म्हटला नव्हता. गेली, वारली, असंच म्हणत होतो.

मग त्याच्याकडून काही आलं नाही. मला वाटलं, संपलं. पण नंतर त्याचं लांब पत्र आलं. तुझ्याशी तो किती वर्षं भांडत होता आणि तुझा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता, असं लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, चूक मात्र खरी आहे, आणि लोक अडलेत. आणि मला विचारलं होतं, तुझ्याकडं ते मशीन आहे का?

मी लिहिलं, आहे. मला प्रोग्राम लिहिता येत नाही. काय दिसतं ते सांगता येतं.

चूक कुठं होती ते ऐक. ज्या मशिनाला पडदाच जोडलेला नाही, असं कुठंतरी कोपऱ्यात ठेवलेलं मशीन तुझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिथं तुझी तपासणी व्हायची, खोटं निघायचं, परत जायचं, परत तपासणी. गोल गोल. ते मशीन कधी उठायचंच नाही. तुझ्या ध्यानात कसं येणार? तुझ्या प्रत्येक मशिनाला पडदा होता, आणि त्याच्यापुढं मी बसलेलो होतो.

एका सुट्टीच्या दुपारी सलीमभाईंकडून किल्ली घेऊन गोदाम उघडलं. पडद्याची वायर काढली, बटण दाबलं आणि शेजारच्या मशीनवरून त्याला हाक मारून बघितली. मार्टिननं रीत सांगितली होती. मशीन उठलं असेल तर उत्तर येतं. उत्तर आलं नाही. मी परत केलं. नाही आलं. म्हणजे अक्का, तुझं चुकलं होतं, हे मी माझ्या हातानं बघितलं आणि जसंच्या तसं कळवलं.

मार्टिननं दुरुस्ती पाठवली. त्यानं पडद्याविना मशीन उठलं, पण पडदा लावल्यावर पुन्हा तोच जुना काळोख. तो म्हणाला, आता मला कळतंय तिला एवढे आठवडे का लागले. पुढची दुरुस्ती पाठवायला त्याला बराच वेळ लागला. ती घेऊन मी परत गेलो. वायर काढली, बटण दाबलं, हाक मारली. उत्तर आलं. मग वायर लावून बघितलं. साधी पांढरी अक्षरं आली. मी तोंडानं "आलं, अक्षरं आली" असं बोललो. फोन कानाला नव्हता. गोदामात कुणी नव्हतं. मी उठून नळावर गेलो, पाणी प्यालो आणि एकेक मशीन तपासायला बसलो.

खरी अडचण त्याच्यापुढं आली. तुमच्या त्या कामात रीतच आहे की दुरुस्ती लिहिताना कुणाच्या कुठल्या बदलातली चूक काढली, ते खाली नावानिशी लिहायचं. ते कायमचं राहतं. मार्टिननं विचारलं, हवं तर ही एक ओळ मी लिहीत नाही, कुणी काही म्हणणार नाही. घरी विचारून सांग.

मी घरी विचारलं. अप्पा आलेले होते. मायला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचं चुकलेलं कुणी लिहून ठेवतं व्हय? लोक काय म्हणतेल माझ्या लेकीला?"

"माय, न्हाई लिहिलं तर पुढच्या माणसाला कळणार न्हाई तिथं खड्डा व्हता ते. अक्काच म्हणायची."

अप्पा दारातूनच म्हणाले, "तिनं कुणाचं लिव्हलं व्हतं का असं?"

"लिहिलं व्हतं. ह्या मार्टिनचं बी."

"मग लिव्ह म्हणावं."

माय उठून आत गेली. सकाळी डबा देताना तिनं विचारलं, "त्याच्यात तिचं पुरं नाव हाय न्हवं?"

"हाय."

"बरं," म्हणाली आणि डब्याचं झाकण पुसत राहिली.

इथं येणारा प्रत्येक माणूस सांगतो की तू गुणी होतीस, शांत होतीस, तुझं कधी कुठं चुकलं नाही. शांत? तू? मी मान हलवतो. ते ज्या बाईबद्दल बोलतात ती मला ओळखीची वाटत नाही. पण नवी आवृत्ती निघाल्यावर मी तिच्यातल्या बदलांची यादी उघडून बघितली. तुझा बदल, त्याच्यावर मार्टिनची दुरुस्ती, त्याच्याखाली तुझं नाव आणि तू काय विसरलीस ते. त्याच्याखाली, तपासलं म्हणून माझं नाव. ते वाचताना एकदम वाटलं की हिला मी ओळखतो. जरा वेळ छाती भरून आल्यासारखी झाली. मग गेलं ते. पण आलं होतं.

तुझं टोपण काढलेलं मशीन अजून टेबलावर तसंच आहे. मी टोपण लावणार होतो, मार्टिन म्हणाला थांब, अजून लागेल. मायला सांगितलंय. तिनं त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून फडकं टाकलंय. टेबलाला तिचा हात लागला तो एवढाच.

काल तुझ्या पत्त्यावर आळंदजवळच्या खजुरी गावातल्या एका शिक्षिकेचा मेल आला. त्यांना कुणीतरी तुझं नाव सांगितलंय. शाळेतलं जुनं मशीन बटण दाबलं की काळं पडून थांबतं, मॅडम, एकदा बघायला याल का, असं त्यांनी विचारलंय. तू नाहीस हे त्यांना ठाऊक नाही. मी मेलवर सांगणार नाही. येत्या रविवारी आळंदची बस धरून जाईन आणि समोर बसून सांगेन. मग ते मशीन बघेन. मला तुझ्यासारखं जमणार नाही, ते तुलाही माहीत आहे. पण एवढं वचन देतो, ते उठलं तर उठलं म्हणून कळवीन, नाही उठलं तर नाही उठलं असंच लिहीन, माझ्या नावानं, आणि का नाही उठलं ते कळेपर्यंत विचारत राहीन.

तुझा धाकटा,
बालाजी