आईचे बरे दिवस

प्रिय नामुली,

हे पत्र शेजारच्या नाकित्तोच्या हाती देतोय. तीही तुझ्यासारखीच घरकामाला मस्कतला निघाली आहे. फोनवर हे सांगता येत नाही. तिकडे तुझी मालकीण कान देऊन उभी असते आणि इकडे माझ्या तोंडून "सगळं बरं आहे" हेच आधी निघतं. कागदावर निदान खोडता येतं.

पाट्या रंगवायचं काम भरपूर आहे, इथे मासाकात रोज कुणीतरी नवं दुकान काढतंय. पण शिडीवर चढलो की माझं मन मागच्या अंगणात, तुझ्या आईच्या खोलीपाशी. परवा एका न्हाव्याच्या पाटीवर अक्षरच गाळलं. मी! तू असतीस तर गल्लीभर सांगत सुटली असतीस.

आईचे हात थरथरतात एवढंच मी तुला सांगितलं होतं. त्याआधीपासून तिला टेबलाखाली मुलं दिसतात. लहान, गप्प बसलेली. एकदा खोलीतून ओरडली, "अगं, त्या पोरांना मटोके वाढ की! कधीची टकामका बघतायत." कामाची मुलगी वाढायला वाकली आणि टेबलाखाली कुणीच नाही हे पाहून तिच्या हातातली थाळी पडली. पुढे आईला त्या मुलीच्या मागे एक माणूस उभा दिसायला लागला, तेव्हा ती मुलगी बोचकं बांधून गावी गेली. शेजारणी येतात, पण त्यांनाही आपापले संसार आहेत.

थरथरीचं कळताच सेंगा नाल्वोगा आली. तुझ्या वडिलांची बहीण, तिच्यापुढे कोण बोलणार? अंगणातच उभी राहून म्हणाली, "थरथर सुटलीय ना? मग हा ओबुकोच. सासूला जावई शिवल्याशिवाय असं होत नाही. आणि या घरात जावई एकच आहे." नामुली, तोवर मी आईच्या सावलीवरसुद्धा पाय दिला नव्हता. ती अंगणात आली की मी शिडीआड जायचो. पण हे बोलायला गेलो तर सेंगा म्हणाली, "चोर कधी कबूल होतो का?"

सेंगानेच तिला एका दवाखान्यात नेलं. आई तिथे भिंतीवरच्या माणसाशी भांडली म्हणून तिला शांत करायचं इंजेक्शन दिलं. परत आली ती फळीसारखी ताठ. पाणीसुद्धा गिळेना. मग मी कुणाला न विचारता तिला सरकारी इस्पितळात डॉक्टर लामुनूंकडे नेलं. टॅक्सीत शेजारणींनी धरलेली आई मागे, मी पुढे, मान न वळवता.

डॉक्टरणबाई उत्तरेकडच्या, आपल्या चालीरीती त्यांना ठाऊक नाहीत. मी सांगितलं, "आमच्यात सासू-जावयानं एका खोलीत बसायचं नसतं, शिवायचं तर नाहीच." त्या म्हणाल्या, "मग दारातून ओरडून सांग, पण सगळं सांग." मी ओरडून सांगितलं, बाहेरच्या सगळ्या रांगेने ऐकलं. त्यांनी आधी रक्त तपासलं. थायरॉईड, जीवनसत्त्व, एचआयव्ही, सिफिलिस. यातलं काही निघालं तर औषधाने स्मरण बरंच परत येऊ शकतं म्हणे. यातलं काहीतरी निघावं म्हणून मी चर्चमध्ये गुडघे टेकले. असली प्रार्थना कुणी केली असेल का? काहीच निघालं नाही.

आजाराचं नाव मी अक्षर न अक्षर विचारून घेतलं. ल्यूई बॉडी डिमेन्शिया. मला वाटायचं म्हातारपणी माणूस विसरतो, बस. तर नाही, त्याचे प्रकार आहेत. एकात आधी कालचं पुसलं जातं आणि मग हळूहळू सगळंच, तो अल्झायमर. एक मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याने होतो, त्यात माणूस बरेचदा पायरीपायरीने खाली येतो. आईच्या प्रकारात मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाचे गोळे साचतात. ते का साचतात, हे पुरतं कुणालाच कळलेलं नाही. हात थरथरतात, पाय अडखळतात, नसलेलं दिसतं, आणि माणूस एक दिवस ढगात, एक दिवस लख्ख उन्हात. ते इंजेक्शन या आजारात जिवावर बेतू शकतं. "आणि थरथर शिवल्याने येत नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "तू शिवला असतास तरी नाही." मी रडलो, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी आई ओल्या अंथरुणात पडली होती. मी दाराबाहेर उभा राहून शेजारणींना हाका मारत होतो, पण सगळ्या बाजारात. आतून आवाज आला, "मुलोंडो, खांबासारखा उभा काय? पाणी आण!" मुलोंडो, तिचा गेलेला धाकटा भाऊ. मी पाणी नेलं. तिला उचललं, धुतलं, पुसलं. माझेच हात तिच्यापेक्षा जास्त थरथरत होते. ती हसत होती. "लहानपणी मी तुझं ढुंगण धुतलं, आता तुझी पाळी! नीट चोळ, आळशी कुठला." तेव्हापासून ढगाच्या दिवशी मी मुलोंडो असतो. ती शिव्या देते, मी जेवू घालतो, ती जेवते.

उन्हाच्या दिवशी मात्र ती मला ओळखते. गेल्या रविवारी मी पाण्याचं घमेलं घेऊन आत गेलो आणि तिने तोंडावर लुगडं ओढलं. माझ्याकडे पाठ करून भिंतीला धरत उठायला गेली आणि तशीच खाली घसरली. म्हणाली, "जावईबापू, बाहेर व्हा. मला मेल्याहून मेल्यासारखं करू नका." मी बाहेर झालो. नाकित्तो दिवस मावळताना आली, तोवर ती तशीच जमिनीवर, ओल्यात. मी दाराशी. आत जावं की जाऊ नये, अजून कळत नाही.

आता गोळ्या आल्यात, कंपालाहून. आजार जाणार नाही, पण या प्रकारात त्यांनी बरेचदा चांगला गुण येतो, डोकं काही काळ साफ राहतं, भास कमी होतात. मी विचारलं, "टेबलाखालची मुलं जातील?" डॉक्टरणबाई म्हणाल्या, "जातील बहुतेक." मी विचारलं, "मुलोंडो?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "तोही."

डबी तशीच कपाटात आहे. रोज सकाळी हातात घेतो आणि परत ठेवतो. गोळी दिली नाही तर ती माझ्या हाताने न्हाईल, जेवेल, पण तिचं डोकं तिचं नसेल. दिली तर तिचं डोकं तिला मिळेल आणि त्याच दिवशी माझे हात तिला वर्ज्य होतील. सेंगा म्हणते गावच्या देवळात न्या, आणि तिथे ती बिथरली की कुणी तिला दवाखान्यात नेऊन पुन्हा तसलंच इंजेक्शन टोचणार नाही याची हमी कोण देणार? नामुली, मला सोयीचं जावं म्हणून तुझ्या आईला ढगात ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. सोमवारपासून गोळी सुरू करतोय. "करार पुरा करूनच ये" असं मी दर फोनला म्हणत आलो, ते आता धरू नकोस. मालकिणीला काय सांगायचं ते सांग, तिकिटाचं मी बघतो. तू ये. तिचं डोकं लख्ख होईल त्या सकाळी घमेलं घेऊन आत जाणारी तिची लेक असू दे.

दाराबाहेर उभा असलेला,
तुझाच
कालांजी