कनगीतले शंभर दाणे

माय, तुला जाऊन किती वर्षं झाली, तरी पेरणीच्या तोंडावर कुणी ओलं फडकं पिळताना दिसलं की माझं डोकं फिरतं. निजामाच्या राज्यातलं आपलं सेनगावचं घर. पेरणीआधी तू बी साठवलेल्या उंच कनगीतून ज्वारीचे शंभर दाणे काढायचीस, ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधून चुलीमागे ठेवायचीस आणि चौथ्या दिवशी मोड मोजायचीस. ऐंशीच्या वर निघाले तर बी पेरायचं, नाहीतर दळायचं. वर्षाची भाकरी त्या शंभर दाण्यांवर. ते काम तू ज्याच्या हाती देशील, त्याच्यावर तुझा खरा जीव, असं मी धरून चालले होते.

पहिल्यांदा मला दिलंस तेव्हा मी बारा वर्षांची. तुला बरं वाटावं म्हणून टपोरे, पांढरेशुभ्र दाणे वेचून घेतले. जवळजवळ सगळे उगवले, तू पाठीवरून हात फिरवलास. शेतात मात्र पेरलेल्या ओळी, तासंच्या तासं रिकामी. कनगीच्या तळाचं बी ओल लागून मेलं होतं. बांधावरून तू थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिलीस. "वेचून काढलंस व्हय गं?" मी म्हटलं, "शितावरून भाताची परीक्षा, तूच म्हणतीस ना!" "भात ढवळलेला असतो, बाई. कनगी कोण ढवळतंय? चांगलं तेवढंच उचललंस, मंग वाईट कुठून दिसावं?" मारलं नाहीस. मारलं असतंस तर मिटलं असतं.

पुढच्या वर्षी वहिनी आली, कुरुंद्याची. तिनं डोळे मिटून खांद्यापर्यंत हात घातला. एक मूठ तळातून, एक मधून, एक वरून. सुपात सगळं कालवलं आणि न बघता शंभर मोजले. "हिचा हात मोकळा हाय, निवडत न्हाई," हे तू गल्लीभर सांगत फिरलीस. माझ्या अंगाचा तिळपापड! कालची आलेली पोरगी, आणि मी तुझ्या पोटची. तिनं काढलेले दाणे तू मोजतेस, तिच्या डोक्याला तेल लावतेस, आणि मी उंबऱ्यात बसून बघत राहते.

त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. तिनं दाणे काढून दिले, तू पुरचुंडी बांधून धुणं घेऊन नदीवर गेलीस, ती भाकरी घेऊन शेतात. मी पुरचुंडी सोडली. चाळीस दाणे उकळत्या आधणात बुडवून काढले आणि परत बांधून ठेवले. चौथ्या दिवशी निम्मे उगवले. तू तिला कशी झापतेस ते ऐकायला मी कान टवकारून होते. ती रडायला लागली, "आत्याबाई, म्या बराबर काढले व्हते." तू तिला जवळ घेतलंस. "रडू नको, लेकरा. तुझ्या हातावर माझा भरवसा हाय. माझंच बी गेलं."

दुसऱ्यांदा दाणे काढून बघावेत असंही तुला वाटलं नाही. काहून, तर हात तिचा होता! माहेराहून आणलेलं, दरसाल कणसं निवडून राखलेलं तुझं बी तू दळायला घेतलंस. समोर बसून जात्याचा खुंटा मीच ओढला. हिंगोलीच्या बाजारातून आणलेलं बी विरळ उगवलं, आणि घरचं बी पुन्हा तुझ्या कनगीत आलंच नाही.

वहिनी आता म्हातारी झाली. दिवाळीला गेले की तुझा विषय काढते, डोळे पुसते. "आत्याबाईंनी मला एका शब्दानं दुखवलं न्हाई. पर वन्सं, खरं सांगा, त्या साली माझाच हात चुकला असंल का वो?" आयुष्यभर तिच्या मनाला हेच लागून राहिलंय. तुला लिहिलेला हा कागद तिला वाचून दाखवला तर ती सुखानं डोळे मिटेल.

नाही दाखवणार. दर दिवाळीला मी एवढंच म्हणते, "कुणास ठाऊक, वहिनी."