जिभेच्या नावाखाली आतडं

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (नमस्कार रागाने घातला आहे, पण पुरता घातला आहे.) तब्येत कशी आहे असं आधी विचारायची रीत आहे, पण मामींनी काल फोनवर ती सविस्तर सांगितली, म्हणून विचारत नाही. जिभेच्या कडेला गाठ आली आहे, ती कित्येक आठवडे जात नाही आणि तुम्ही डॉक्टरकडे जात नाही, एवढं कळलं. त्याकडे मी शेवटी येतेच. आधी इकडचं ऐका, कारण इकडेही मी कुणाशी धड बोलू शकत नाही इतकी संतापले आहे.

भाची जिभेच्या कॅन्सरवर औषध काढते आहे, असं तुम्ही सगळ्या नात्यागोत्यात सांगत फिरता. (पेपरातल्या त्या बातमीचं कात्रण तुम्ही फ्रेम करून टीव्हीच्या वर टांगलंय. त्यात माझ्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाचा फोटो बरा आलाय.) प्रत्यक्षात माझं काम म्हणजे कुणाच्या तरी जिभेवरच्या गाठीतून काढलेल्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांना गुलाबी पाण्यासारखं खाद्य घालायचं, उबदार कपाटात ठेवायचं आणि मग औषध टाकून त्या मरतात का ते बघायचं. थोडक्यात, पोटच्या पोरांसारखं वाढवायचं आणि मेली की आनंद मानायचा. त्यांना रविवार कळत नाही. ताईच्या लग्नातून मी जेवायच्या आधी पळाले, ती यांना भरवायला. तुम्ही तेव्हा दोन महिने माझ्याशी बोलला नव्हतात, आणि तुमचं बरोबरच होतं.

तर आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. ज्याची खाद्याची बाटली त्याने वापरायची, दुसऱ्याच्या बाटलीत नळी घालायची नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी वाढवते. (तिला आम्ही घाईबाई म्हणतो. ती जिना उतरतानाच कोट काढते.) तिची बाटली संपली, तेव्हा तिने आपली वापरलेली नळी माझ्या बाटलीत बुडवली. "एकदाच घेतलं गं, थेंबभर," असं ती आता म्हणते. त्या थेंबाबरोबर तिच्या पेशी माझ्याकडे आल्या. भटाला दिली ओसरी म्हणतात, पण इथे ओसरी मी दिलीच नव्हती. त्या भराभर वाढल्या, माझ्या पेशींच्या तोंडचा घास पळवला आणि आयत्या बिळावर नागोबासारख्या बसल्या. भिंगाखाली फरक दिसत नाही. मी वर्षानुवर्षं जीभ म्हणून आतडं पोसत होते, आणि औषध काय सुरेख लागू पडत होतं म्हणून सांगू.

पेशी कुणाच्या हे ओळखायची एक चाचणी असते. चिमूटभर पेशी पाठवायच्या, आठवड्यात उत्तर येतं. प्रयोगशाळा ज्यांची आहे त्या सरांच्या मी मागे लागले होते, पण सर दरवेळी एकच म्हणायचे, "छान वाढताहेत ना? मग नाव कशाला विचारायचं?" शेवटी सर व्याख्यानाला परदेशी गेले तेव्हा मी गुपचूप पाठवल्या. उत्तर आलं की जिभेची एकही पेशी त्यात नाही. सर परत आले, त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपला शोधनिबंध छापायला गेलाय. जीभ काय, आतडं काय, एकाच नळीची दोन टोकं." मला एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. तो छापणाऱ्या मासिकाला कळवून मी निबंध मागे घेतला. तेव्हापासून सर माझ्याशी बोलत नाहीत, निरोप घाईबाईमार्फत पाठवतात. इतक्या वर्षांचं सगळं मुसळ केरात गेलं, आणि ती मला समजावते की एवढं मनाला लावून घेऊ नये.

मामींना नमस्कार सांगा. तुम्हालाही आहेच, वरचा.

तुमची संतापलेली भाची

ता. क. मामी म्हणाल्या, तुमचं म्हणणं असं की "दुखत नाही ना, मग चिरफाड कशाला? भाचीचं औषध येतंय, तोवर थांबू." मामा, आमच्या सरांशी तुमची ओळख कुणी करून दिली? दुखत नाही म्हणून गाठ साधी ठरत नाही. आणि औषध येत नाहीये. होतं ते आतड्यावर चालायचं, तेही बशीतल्या. खरं असतं तरी आधी चिमूटभर तुकडा काढून गाठ कसली ते बघावंच लागलं असतं. नाव न विचारता औषध टाकलं की काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

आणखी ता. क. कात्रण भिंतीवरून उतरवा. मंगळवारी सकाळी डॉक्टरबाईंची वेळ घेतली आहे आणि मी सोमवारीच येते आहे. इथे भरवायला आता कुणी उरलेलं नाही. गाठ साधी निघाली तर मला जन्मभर चिडवा, मी ऐकून घेईन. मला भीती वाटते आहे मामा. राग नुसता लिहायला सोपा पडतो. खरं औषध सापडायला बहुतेक माझी हयात जाईल, आणि सापडलं की ते सगळीकडे सांगत फिरायला तुम्हीच हवे आहात. त्यासाठी मंगळवारी फक्त तोंड उघडायचं आहे, तेही न बोलता.