कापलेला ब्रेकपाइप

वैनी,

दवाखान्यातून आल्यावर पिकअपला हात लावू नका. पोलीस बघेपर्यंत ती जॅकवर तशीच राहू द्या.

अण्णा पिऊन चालवत होता म्हणून गाडी उतारावर उलटली, असं गाव म्हणायलंय. मला पटलं न्हाई. आज चाकं काढून बघितलो. जुनी गाडी, ब्रेकची लायनर झिजली असतील वाटलं, पण ती चांगली होती. ब्रेकऑइलची डबी मात्र कोरडी. मग खाली निजून पाइप चाचपत गेलो, तर मागच्या चाकाजवळ ब्लेडनं कापलेला सापडला.

बांधाच्या भांडणात लिंगाप्पा 'मुडदा पाडतो' म्हणला होता. त्याच्या खळ्यावर जाऊन विचारलो, "पाइप कामून कापलास?" तो हसला. "तुझा भाऊ जगला व्हय अजून?"

माझ्या हातात जॅकचा रॉड होता. आधी त्याचा हात मोडला, मग गुडघा. तो पडल्यावरबी मी मारतच होतो. तुमच्यापासून लपवत न्हाई. त्याच्या पोरांनी त्याला उचलून नेलंय. जगंल वाटतंय.

आता त्याची माणसं इकडं येतील. लेकरांना घेऊन लगेच खटकचिंचोळीला माहेरी जावा. मी ठाण्यात हजर व्हायला जायलोय, गाडी बघायला पोलिसांना तिथूनच धाडतो. मागं येऊ नका.

अण्णा शुद्धीवर आला की त्याला सांगा, त्यानं ब्रेक दाबला होता ते मला पटलंय. गाडीखालून काढलं तवा तेवढंच बडबडत होता तो, अन् कुणी ऐकलं न्हाई.

सिद्धराम